तारेवाली कोठी : एका विस्मृत वेधशाळेची कथा

लखनौच्या हज़रतगंजातून कैसरबागेच्या दिशेने निघालेल्या पांथस्थाला एक जुनी, प्रशस्त, पाश्चात्त्य धर्तीची वास्तू लागते. पुढे ती स्टेट बँकेकडे आली आणि पैशाच्या व्यवहारांनी गजबजली. लोक मात्र तिला अजूनही ‘तारेवाली कोठी’ म्हणतात. या नावात एका मोठ्या उपक्रमाची आणि तितक्याच मोठ्या हानीची स्मृती दडलेली आहे.

अवधचा बादशहा नसिरुद्दीन हैदर याने 1831 च्या सुमारास येथे वेधशाळा उभारण्याचे ठरविले आणि कॅप्टन हर्बर्ट यांची नेमणूक केली. दोनच वर्षांत हर्बर्ट निवर्तले. 1835 मध्ये रिचर्ड विलकॉक्स यांनी सूत्रे हाती घेतली. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याची पाहणी केलेला हा मोजणीदार आता आकाशाची मोजणी करणार होता. उपकरणे लंडनच्या ‘ट्रॉटन अँड सिम्स’ या नामांकित कारागिरांकडून मागविण्यात आली होती. त्यांची बरोबरी खुद्द ग्रिनिचच्या उपकरणांशी केली जाई.

ही मोजणी कशी होत असे? याम्योत्तर दुर्बीण केवळ उत्तर-दक्षिण पातळीत फिरते. तारा तिच्या मध्यरेषेवर कोणत्या क्षणी येतो हे घड्याळावर टिपले की त्याचा विषुवांश मिळतो. भिंतीवर बसविलेल्या अंशांकित वर्तुळावरून त्याची उंची वाचली की क्रांती निश्चित होते. या दोन अंकांत ताऱ्याचे आकाशातील स्थान बांधले जाते. आपल्या पंचांगकर्त्यांना ‘वेध’ हा शब्द परका नव्हता. नवी होती ती सूक्ष्मता, आणि रात्रीमागून रात्री त्याच त्याच ताऱ्यांकडे परतून येण्याची चिकाटी.

मात्र त्या काळी ताऱ्याविषयीचे ज्ञान स्थान आणि तेज यांपलीकडे फारसे गेलेले नव्हते. तेजही प्राचीन ग्रीकांच्या सहा प्रतींनुसार डोळ्यांनीच ठरविले जाई; त्या प्रतींना पॉगसन यांनी गणिती प्रमाण दिले ते 1856 मध्ये. तारे किती दूर आहेत, याचे पहिले खात्रीलायक उत्तर बेसेल यांनी 1838 मध्ये, लखनौची वेधशाळा अस्तित्वात असतानाच, दिले. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना हंस तारकासमूहातील एक मंद तारा किंचित सरकलेला दिसतो. तेवढ्या पराशयावरून त्याचे अंतर काढता आले. तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही, असे मत फ्रेंच विचारवंत कोंत यांनी 1835 मध्ये मांडले होते. पंचवीस वर्षांच्या आतच किरखोफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटातील रेषांचा अर्थ उलगडून हे भाकीत खोटे पाडले.

लखनौची वेधशाळा तो दिवस पाहण्यास उरली नाही. 1848 मध्ये विलकॉक्स मरण पावले आणि 1849 मध्ये वाजिद अली शाह यांनी ती बंद केली. 1857 च्या रणधुमाळीत ही कोठी मौलवी अहमदउल्ला शाह यांचे ठाणे झाली; उपकरणे नाहीशी झाली. त्याहून मोठा घात झाला तो नोंदींचा. वर्षानुवर्षे घेतलेले वेध कधीच छापले गेले नाहीत.

या प्रकाराचा दोष रंगेल नबाबाच्या माथी मारण्याची रीत सोपी आहे, पण अपुरी आहे. ज्या संस्थेचा आधार एका राजाची मर्जी आणि एका परदेशी अधिकाऱ्याचे आयुष्य एवढाच असतो, तिचे भवितव्य त्या दोहोंइतकेच नाशवंत असते. वेधशाळेत काम केलेल्या कमालुद्दीन हैदर यांनी विज्ञानविषयक पुस्तिका उर्दूत आणल्या. ते बीज होते. पण त्याला शिष्यपरंपरेची जमीन मिळाली नाही.

पुण्याचे उदाहरण शेजारी ठेवून पाहावे. तेथे 1888 मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा स्थापन झाली आणि प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी वर्णपटाच्या अभ्यासाला वाहून घेतले. 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे घेतले. त्यांची वेधशाळाही 1912 मध्ये बंद पडली. तरीही मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली, आणि जेऊरचा अहवाल छापलेला असल्यामुळे टिकला. दोन्ही वास्तू मूक झाल्या, पण एकीचा शब्द उरला.

पुढे हार्वर्डमध्ये ॲनी कॅनन यांनी लाखो ताऱ्यांची वर्णपटावरून वर्गवारी केली, आणि त्या वर्गांचा क्रम हा मुख्यतः तापमानाचा क्रम कसा ठरतो, याचे भौतिक गणित मेघनाद साहांनी 1920 मध्ये मांडले. काचेच्या पट्ट्यांवर जपून ठेवलेले वर्णपट हाताशी नसते, तर कॅनन यांना वर्गवारी कशाची करता आली असती? ज्ञान म्हणजे केवळ पाहणे नव्हे. पाहिलेले दुसऱ्याच्या हाती सोपविणे होय.

तारेवाल्या कोठीवरून आजही तेच तारे याम्योत्तर वृत्त ओलांडून जातात. त्यांचे स्थान विलकॉक्सच्या काळापासून किंचित ढळले आहे. ते किती ढळले, हे सांगण्यात लखनौच्या वह्यांचाही वाटा असता. तो हक्क आपण गमावला, तो ताऱ्यांच्या दूरत्वामुळे नव्हे, कागदाच्या उपेक्षेमुळे.