मृगाचें ‘पद’ आणि राजाचें अनुमान

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील चव्वेचाळिसाव्या श्लोकांत न्यायदान करणाऱ्या राजास पारध्याची उपमा दिली आहे. सांडलेल्या रक्ताच्या थेंबांवरून पारधी जसें विद्ध मृगाचें पद शोधीत जातो, तसें राजानें अनुमानानें धर्माचें पद शोधावें, हा त्याचा भावार्थ. १८८६ सालीं कै. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक यांची सटीक मनुस्मृति मुंबईस छापून निघाली. ब्यूलरसाहेबांचें इंग्रजी भाषांतरही त्याच सालचें. ब्यूलरांनीं ‘पद’ म्हणजे मृगाची दडण्याची जागा असा अर्थ घेतला. पद म्हणजे स्थान हा अर्थ कोशांस मान्य आहे. तथापि येथें तो आम्हांस पटत नाहीं.

बाण लागलेला मृग आपल्या नेहमींच्या ठिकाणीं जाईलच असा नेम नाहीं. तो प्रथम जिवाच्या आकांतानें पळतो आणि मग दाट झुडपांत किंवा पाण्याकडे वळतो. जाणता पारधी लागलीच त्याच्या पाठीं लागत नाहीं. कारण बसलेला मृग चाहूल लागतांच उठून आणखी दूर जातो. कांहीं वेळ थांबून, बाण लागला ती जागा धरून तो माग काढूं लागतो. मऊ मातींत खूर उमटतात. खडकाळ माळावर उमटत नाहींत, आणि तेथेंच रक्त कामीं येतें. फेसाळ तांबडें रक्त फुप्फुसाचें, काळसर दाट तें बहुधा यकृताचें. त्यांत हिरवट मळ मिसळला असेल तर घाव पोटांत आहे, मृग लवकर पडणार नाहीं, असें समजावें. गवताच्या पात्यावरील डागाच्या उंचीवरून घाव अंगावर कोठें आहे तेंही कळतें. थेंब तुटले कीं शेवटच्या थेंबाशीं खूण ठेवून, आपल्याच पायांनीं माग न मोडतां, फेर घेत पुढचा थेंब शोधावयाचा. (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हें सर्व पडताळून पाहण्याच्या भरीस वाचकांनीं पडूं नये.)

म्हणजे पारध्याच्या हातीं असतो तो माग. मुक्काम शेवटीं कळतो. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत, चोराचें पद ज्या गांवांत जाईल त्या गांवानें भरपाई द्यावी असें सांगितलें आहे. तेथें पद म्हणजे पाऊलखूण याविषयीं संशयच नाहीं. आपल्याकडील रामोशी व जागले चोराचा माग शिवेपर्यंत काढीत, तें याच विद्येच्या बळावर. शिवाय मनूचाच पुढचा श्लोक राजास साक्षी, देश, काल व रूप हीं पाहण्यास सांगतो. हे ते थेंबच होत. राजास धर्माचें घर अगोदर ठाऊक नसतें.

आदिपर्वांतील परीक्षितीची कथा या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. त्यानें विंधलेला मृग दिसेनासा झाला. तेव्हां त्यानें मौनव्रतस्थ शमीक ऋषीस विचारिलें, उत्तर न मिळतांच रागानें त्याच्या खांद्यावर मेलेला सर्प टाकिला, आणि ऋषिपुत्र शृंगीचा शाप ओढवून घेतला. माग सुटल्यावर शेवटच्या खुणेपाशीं परतावयाचें सोडून राजानें न बोलणाऱ्या साक्षीवर भिस्त ठेविली.

मृग कोणाचा, हा प्रश्न मनूनें नवव्या अध्यायांत ओझरता सोडविला आहे: ज्याचें शल्य अंगांत, त्याचा. रोमन कायद्यांत यावर मतभेद होता. जखमी करून पाठीवर असेतों पशु आपलाच, असें त्रेबातियस म्हणे. परंतु धरीपर्यंत तो कोणाचाच नव्हे, हें बहुतांचें मत इ. स. ५३३ च्या जस्टिनियनाच्या संहितेनें स्वीकारिलें. मनूचा नियम पहिल्या धनुर्धरास अनुकूल खरा, पण तो सिद्ध व्हावयास मृगाच्या अंगांतील बाण सांपडला पाहिजे. वनपर्वांत किरात आणि अर्जुन यांचे बाण वराहरूपी मूकासुरास एकाच वेळीं लागले. तेथें अर्जुनानें मृगयाधर्माचा मोडला जाणारा नियम पुढें केला, किरातानें आपली आधींची निवड सांगितली, आणि निवाडा करण्यास तिसरा कोणी नसल्यानें दोघे युद्धास प्रवृत्त झाले.