बेअरिंगच्या सीलचा इतिहास : चामड्याच्या कड्यापासून तेलाच्या पापुद्र्यापर्यंत

प्रस्तावना

यंत्रविद्येच्या इतिहासात बेअरिंगला मानाचे स्थान लाभले आहे. १७९४ मध्ये वेल्समधील कारमार्थनच्या फिलिप वॉन यांनी गाडीच्या आखासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे एकस्व घेतले. १८६९ मध्ये पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी सायकलच्या चाकासाठी तसेच एकस्व मिळविले. १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर यांनी पोलादी गोळ्या एकसारख्या गोल घासणारे यंत्र तयार केले. १९०७ मध्ये स्वीडनच्या स्वेन विंगक्विस्ट यांनी शाफ्ट किंचित तिरपा झाला तरी स्वतःला जुळवून घेणारे बेअरिंग शोधले. ही मालिका बहुतेक ग्रंथांत याच क्रमाने येते. तीत धातू आहे, गोळी आहे, भार आहे. परंतु आतील वंगण बाहेर जाऊ नये आणि बाहेरची धूळ व पाणी आत शिरू नये म्हणून शाफ्टभोवती जे साधे कडे बसविलेले असते, त्या सीलचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. यंत्ररचनेच्या पाठ्यपुस्तकांतही बेअरिंगला स्वतंत्र प्रकरण मिळते आणि सीलची बोळवण त्यातील एखाद्या पानावर होते.

कारखान्यातील अनुभव याच्या उलट आहे. तेथे पोलाद थकून बेअरिंग निकामी होण्याआधीच बहुधा 'सील गेले' हे शब्द ऐकू येतात. सील कसे असावे हे कारागिरांनी अनुभवाने ठरविले. ते का काम करते हे शास्त्राला फार उशिरा उमगले. या दोन घटनांमधील अंतराचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पारिभाषिक मराठीत बेअरिंगला 'धारवा' असा शब्द आहे; तथापि व्यवहारात रूढ असलेला शब्दच येथे स्वीकारला आहे.

दोर, चरबी आणि लाकूड

फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांच्यामध्ये फट ही असतेच. फट मोठी ठेवली तर गळती होते. ती अगदी मिटवली तर घर्षण वाढते, उष्णता निर्माण होते आणि सील स्वतःच झिजून पुन्हा फट पडते. सीलच्या रचनेतील मूळ पेच एवढाच आहे आणि तो आजही पूर्णतः सुटलेला नाही.

या पेचावरील सर्वांत जुना तोडगा म्हणजे वंगणच सील म्हणून वापरणे. बैलगाडीच्या आखाला वंगण घालताना नवे वंगण जुने, मातकट वंगण बाहेर ढकलते आणि तोंडाशी साचलेला त्याचा काळा थर धुळीला अडवितो. येथे सील हा वेगळा भाग नाही. पुन्हा पुन्हा वंगण घालण्याचे श्रम हेच सील होय.

वाफेच्या यंत्रांनी दुसरा मार्ग रूढ केला. दांडा जेथे सिलिंडरच्या झाकणातून बाहेर पडतो, तेथे चरबीत भिजविलेला तागाचा दोर ठासून भरावयाचा आणि वरून कडे आवळावयाचे. आपल्याकडील पंपांवर काम करणारे फिटर आजही ज्याला 'ग्लँड' म्हणतात, ती हीच रचना. तिच्यात थोडी गळती गृहीत धरलेली असते. ग्लँडमधून पाण्याचे थेंब पडलेच पाहिजेत, कारण तेच पाणी दोराला थंड ठेवते. गळती पूर्ण थांबावी म्हणून अति उत्साहाने ग्लँड आवळणारा उमेदवार शाफ्ट जाळून बसतो.

जहाजांच्या बाबतीत तर अभियंत्यांनी पेच सोडविण्याऐवजी त्याला बगल दिली. पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याच्या शाफ्टला प्रथम पितळी बेअरिंग देण्यात आले आणि ते समुद्राच्या पाण्यात झपाट्याने झिजू लागले. १८५४ मध्ये इंग्लंडमधील जॉन पेन यांनी पितळेच्या जागी लिग्नम व्हायटी या अमेरिकी उष्णकटिबंधातील अत्यंत कठीण व राळयुक्त लाकडाच्या पट्ट्या बसविण्याचे एकस्व घेतले. पाणी बाहेर ठेवण्याचा हट्ट त्यांनी सोडला. पाण्यालाच वंगण मानले. सील राहिले ते फक्त आतल्या बाजूला, जहाजाच्या पोटात पाणी शिरू नये एवढ्यापुरते. या युक्तीने शतकभर जगातील जहाजे चालली. तिच्याकडे लेखाच्या शेवटी पुन्हा यावे लागेल.

नमदा आणि रेल्वेचा आख

विसाव्या शतकाच्या प्रारंभी गोळ्यांची व रोलरची बेअरिंगे सर्वत्र पसरली आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. लाकडी किंवा कांस्याच्या बेअरिंगला धुळीचा कण काही प्रमाणात पचतो. मऊ धातूत तो रुतून बसतो. कठीण पोलादाच्या गोळीखाली मात्र तोच कण खळगा पाडतो आणि त्या खळग्याच्या कडेपासून पुढे पोलादाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणजे बेअरिंग जितके अचूक, तितके ते धुळीपुढे अधिक दुबळे. या काळात सर्वाधिक प्रचार झाला तो नमद्याच्या कड्याचा. घराच्या खाचेत तेलात भिजविलेली लोकरी नमद्याची पट्टी बसविली की ती शाफ्टला अलगद टेकते. ती स्वस्त आहे, शाफ्टचा थोडा तिरपेपणा सहन करते आणि ग्रीजबरोबर चांगली नांदते. परंतु पृष्ठवेग सेकंदाला सुमारे ४ मीटरपलीकडे गेला की तापून कडक होते, आणि पातळ तेल तर तिला रोखता येतच नाही.

रेल्वेच्या इतिहासात या उणिवेची किंमत स्पष्ट दिसते. मालडब्याच्या जुन्या आखपेटीत तेलाने भिजविलेल्या सुताच्या गुंतवळ्यावर आख फिरत असे आणि पेटीच्या मागील बाजूस धूळ अडविण्यासाठी एक साधी फळी असे. धूळ, पाणी किंवा गुंतवळ्याचा एखादा धागा आख व कांस्य यांच्यामध्ये सापडला की तेलाचा थर तुटे, आख तापे आणि वेळीच लक्ष न गेल्यास तुटून गाडी रुळावरून घसरे. 'हॉट ॲक्सल' हा शब्द भारतीय रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेतील टिमकेन कंपनीने १९५४ मध्ये मालडब्यांसाठी निमुळत्या रोलरचे जे बंदिस्त बेअरिंग बाजारात आणले, त्याचे महत्त्व केवळ रोलरमध्ये नव्हते. बेअरिंग, ग्रीज आणि दोन्ही बाजूंची सीले हा एकच संच करून तो आखावर दाबून बसविता येई, यात होते. भारतात १९८०च्या दशकात आलेल्या बॉक्स-एन जातीच्या वाघिणींना अशाच बंदिस्त संचाची बेअरिंगे देण्यात आली. तेलाचा डबा घेऊन प्रत्येक आखपेटी उघडून पाहण्याचे काम त्या डब्यांपुरते संपले.

चर्मालयातून आलेले कडे

आज ज्याला आपण 'ऑइल सील' म्हणतो त्याचा जन्म यंत्रशाळेत झाला नाही. तो चामडे कमावण्याच्या धंद्यात झाला. मोटारगाडीच्या गिअरपेटीत पातळ तेल आले आणि नमदा अपुरा पडला. मागील आखातून झिरपणारे तेल ब्रेकवर उतरले तर गाडी थांबत नाही, इतका हा प्रश्न निकडीचा होता. अमेरिकेत १८७८ मध्ये स्थापन झालेली आणि चामडी पट्टे बनविणारी शिकागो रॉहाइड ही कंपनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस मोटारींच्या सीलकडे वळली. जर्मनीत वाइनहाइम येथील फ्रॉइडेनबर्ग हे १८४९ पासूनचे चर्मालय १९२९ च्या मंदीत चामड्याचे नवे उपयोग शोधत होते. तेथे वाल्टर झिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याने धातूच्या कवचात चामड्याची कड धरून ती शाफ्टवर दाबणारे कडे विकसित केले. 'झिमररिंग' हे त्याचे नाव जर्मन भाषेत पुढे अशा सर्व सीलसाठी जवळपास सामान्यनाम बनले.

चामडे का, याचे उत्तर त्याच्या तंतूंत आहे. कमावलेले चामडे तेल शोषून धरते, शाफ्टवर मऊ राहते आणि खडबडीत पृष्ठभागही सोसते. परंतु प्रत्येक कातडे वेगळे असते. एकाच गठ्ठ्यातील दोन सीले सारखी वागत नाहीत. तापमान शंभर अंशांकडे झुकू लागले की चामडे आक्रसून कडक होते. नैसर्गिक रबर हा पर्याय नव्हता, कारण खनिज तेलात ते फुगते. हा अडसर रसायनशास्त्राने दूर केला. १९३० मध्ये आय. जी. फार्बेन या जर्मन उद्योगसमूहातील एरिख कोनराड व एदुआर्ड चुंकुर यांनी ब्युटाडाइन आणि ॲक्रिलोनायट्राइल यांपासून तेलात न फुगणारे रबर तयार केले. यालाच आपण नायट्राइल रबर म्हणतो. १९३६ पासून झिमररिंगमध्ये चामड्याच्या जागी हे रबर येऊ लागले. त्याच वर्षी जर्मनीत स्वयंपूर्णतेची चतुर्वार्षिक योजना जाहीर झाली होती आणि कृत्रिम रबर हा तिचा एक मुख्य भाग होता, हे येथे नमूद केले पाहिजे. याच समूहाने पुढे टायरच्या रबरासाठी आउश्वित्झजवळ मोनोवित्झ येथे बंदिवानांच्या श्रमातून कारखाना उभारला. हजारो माणसे तेथे मेली आणि युद्ध संपेपर्यंत त्या कारखान्यातून ते रबर निघालेच नाही. एका निरुपद्रवी कड्याच्या इतिहासातही हे पान येते आणि ते गाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

ओठाखालचे तेल

रबर आल्यावर सीलची रचना स्थिरावली : धातूचे कवच, त्याला चिकटविलेला रबराचा धारदार ओठ आणि ओठाला शाफ्टवर धरून ठेवणारी, टोके जोडून गोल केलेली बारीक स्प्रिंग. ओठाची तेलाकडील बाजू उभट आणि हवेकडील बाजू उतरती असावी; शाफ्ट घासलेला असावा, पण त्यावर लेथच्या हत्याराने पडणाऱ्या मळसूत्री रेघा नसाव्यात; तो आरशासारखा गुळगुळीतही नसावा. हे सारे नियम कारखान्यांनी चुकतमाकत बसविले. कारण विचारले असता उत्तर एकच मिळे : ओठ घट्ट दाबलेला असतो, म्हणून तेल अडते.

हे उत्तर चुकीचे होते. १९५७ मध्ये ब्रिटनमधील ई. टी. जॅगर यांनी सीलमधील घर्षण मोजून दाखविले की ओठ शाफ्टला प्रत्यक्ष टेकून चालत नाही. दोहोंमध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. त्या थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. येथूनच खरा प्रश्न उभा राहिला. तेल जर ओठाखाली आहेच, तर ते गळत का नाही? जॅगर यांनी पृष्ठताणाकडे बोट दाखविले. ते पुरेसे नव्हते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये कावाहारा आणि हिराबायाशी यांनी, आणि १९८०च्या दशकात स्टुटगार्ट येथे म्युलर व काम्युलर यांनी सीलच्या हवेकडील बाजूस तेल घालून पाहिले, तेव्हा ओठाने ते आत ओढून घेतले. सील म्हणजे केवळ भिंत नव्हे, तो एक सूक्ष्म पंप आहे. शाफ्ट फिरताना रबराच्या पृष्ठभागावरील बारीक उंचवटे फिरण्याच्या दिशेने ताणले जातात. ओठाचे दोन कोन असमान असल्यामुळे दाब तेलाकडील कडेजवळ एकवटतो, उंचवट्यांची तिरपी ठेवण दोन बाजूंना असमान होते आणि तेल आतल्या बाजूला परतविले जाते. सील उलटे बसविले तर तोच पंप तेल बाहेर काढतो. मळसूत्री रेघा का नकोत, हेही आता स्पष्ट झाले. त्या एका दिशेने फिरताना दुसऱ्या पंपाचे काम करतात. कारागिरांनी घालून दिलेला जवळपास प्रत्येक नियम बरोबर होता. फक्त त्यामागचे कारण सुमारे अर्धशतकाने कळले.

सूत्रात आलेली धूळ

बेअरिंगच्या आयुष्याच्या गणितातही असाच विलंब दिसतो. १९४७ मध्ये स्वीडनच्या लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी मांडलेले सूत्र भार व पोलादाची थकवण यांवर उभे होते. त्यात धुळीला स्थान नव्हते. पुण्याजवळ चिंचवड येथे १९६५ मध्ये बेअरिंगचे उत्पादन सुरू झाले आणि मराठी अभियंत्यांच्या पिढ्या याच सूत्रावर शिकल्या. उसाच्या रसात, सिमेंटच्या धुळीत किंवा पावसाळ्यातील चिखलात चालणारे बेअरिंग मात्र गणिताने दिलेली वर्षे भरत नसे. १९८५ मध्ये इओआनिडेस आणि हॅरिस यांनी थकवणीला एक किमान मर्यादा असल्याचे गृहीत धरून नवी मांडणी केली. स्वच्छ वंगणात आणि हलक्या भाराखाली बेअरिंग जवळपास अनंत काळ टिकावे, असा तिचा एक निष्कर्ष होता. २००७ च्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ २८१ मध्ये, वंगणातील अस्वच्छतेचा गुणक अधिकृतपणे समाविष्ट झाला. सील चांगले आहे की नाही, हे अशा रीतीने १९४७ नंतर ६० वर्षांनी आयुष्याच्या हिशेबात आले.

पुन्हा पाणी

जहाजांच्या शाफ्टचा धागा येथे पुन्हा हाती घ्यावयाचा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या जहाजांनी लाकडी पट्ट्या सोडून तेलात चालणारी पांढऱ्या धातूची बेअरिंगे स्वीकारली. रबरी ओठांच्या सीलमुळेच ते शक्य झाले. एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असे हे सील अहोरात्र चालते, आणि झिजते. त्यातून झिरपणारे तेल डोळ्यांत भरत नाही, कारण ते टँकर फुटल्याप्रमाणे एका ठिकाणी सांडत नाही. बंदरोबंदरी थेंबाथेंबाने सुटते. अमेरिकेने २०१३ च्या जहाज परवान्यान्वये आपल्या पाण्यात येणाऱ्या जहाजांना, तांत्रिक दृष्ट्या अशक्य नसेल तर, अशा ठिकाणी पर्यावरणास कमी घातक वंगण वापरण्याचे बंधन घातले. त्यानंतर पेन यांची जुनी युक्ती पुन्हा चर्चेत आली. लिग्नम व्हायटी वृक्षाचा व्यापार आता आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित आहे. म्हणून त्याच्या जागी कृत्रिम बहुवारिकाच्या पट्ट्या वापरल्या जातात. समुद्राच्या बाजूला सील नाही, वंगण म्हणून समुद्राचेच पाणी आहे, आणि शाफ्ट जेथे जहाजाच्या पोटात शिरतो तेथे, १८५४ मध्ये होते त्याच जागी, एक सील आहे.