एकच हॉस्पिटल, दोन सिरीयली

अपघात झाला की आपल्याकडे आजही कोणीतरी ओरडतं, 'आधी कॅज्युअल्टीत न्या!' याच नावाची एक ब्रिटिश मालिका १९८६ पासून बीबीसीवर चालू आहे. आजचा भाग तिच्यावर आणि तिच्यातून निघालेल्या 'होल्बी सिटी'वर.

'कॅज्युअल्टी' सुचली जेरेमी ब्रॉक आणि पॉल अनविन या दोन तरुण लेखकांना, आणि सुचली ती रागातून. १९४८ साली ब्रिटनने सगळ्यांना मोफत उपचार देणारी सरकारी आरोग्यसेवा सुरू केली, एनएचएस. थॅचरबाईंच्या काळात त्या स्वप्नाच्या चिंध्या झाल्यात, असं या दोघांनी बीबीसीला दिलेल्या प्रस्तावात सरळ लिहिलं होतं. म्हणून मालिका सुरू झाली ती रात्रपाळीवर, आणि तीसुद्धा बंद पडायची टांगती तलवार असलेल्या रात्रपाळीवर. सत्ताधारी पक्षातल्या लोकांना ती झोंबली. झोंबणारच ना.

मग १९९९ मध्ये 'होल्बी सिटी' आली. होल्बी हे काल्पनिक शहर तेच, हॉस्पिटलही तेच, फक्त आता गोष्ट वरच्या मजल्यांवरच्या सर्जरी वॉर्डांची. गंमत बघा, खालचा मजला शूट व्हायचा ब्रिस्टलला आणि वरचा लंडनजवळ एल्स्ट्रीला. म्हणजे लिफ्टने वर जाणारा पेशंट मुंबई-पुण्याहून जास्त अंतर कापायचा!

आम्ही डेव्हलपर याला फोर्क म्हणतो. चालू कोडची कॉपी घ्यायची आणि पुढे आपलं वेगळं बनवायचं. पण जुने बगही सोबत येतात.

इथे काय झालं? 'कॅज्युअल्टी'ची खरी मजा सुरुवातीला असायची. शिडीवर चढलेला माणूस, गॅसजवळ खेळणारं पोर, बाईकवरचं जोडपं. यातलं आज कोण हॉस्पिटलात पोचणार, हे ओळखत बसायचं. 'होल्बी'त पेशंट आधीच बेडवर, त्यामुळे तो खेळच संपला. शिवाय पेशंट एक-दोन भागांत घरी जातो, डॉक्टर मात्र वर्षानुवर्षं राहतात. मग सगळी संकटं डॉक्टरांवरच ढकलायची. लपवलेला आजार, गोळ्यांचं व्यसन, सहकाऱ्यावरच ऑपरेशन करायची वेळ. हळूहळू खालची मालिकाही त्याच वाटेने गेली आणि दोन्हीकडे त्याच त्या गोष्टी फिरू लागल्या. लेखक आळशी होते असं मला नाही वाटत. बिल्डिंग वारशात मिळाली, राग नाही मिळाला, एवढंच. (२००७ मध्ये त्याच शहराची पोलीस मालिकाही काढली, 'होल्बी ब्लू'. दोन सीझनमध्ये गुंडाळली.)

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. मार्च २०२० मध्ये कोविडने लंडन हादरलं, तेव्हा 'होल्बी सिटी'च्या सेटवरचे चालू स्थितीतले व्हेंटिलेटर तिथल्या तात्पुरत्या नाइटिंगेल हॉस्पिटलला दिले गेले. प्रॉपर्टी म्हणून ठेवलेली मशिनं खऱ्या पेशंटसाठी गेली. दोन वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, 'होल्बी' बंद झाली. 'कॅज्युअल्टी' अजून चालू आहे.

माझी मामेबहीण तिकडे बर्मिंगहॅमला नर्स आहे. तिला विचारलं, 'ताई, यातलं खरं किती असतं गं?' ती हसली. म्हणाली, 'अरे, सिरीयलमध्ये लिफ्ट उघडते आणि पेशंट वर पोचतो. आमच्याकडे वर बेड रिकामा होईपर्यंत आजोबा रात्रभर कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर असतात. मी चादर नीट करते आणि सॉरी म्हणते.'