शस्त्रक्रियेच्या तंबूतील हसू

वसईच्या १७३९ सालच्या वेढ्याविषयी आपण अभिमानाने बोलतो. पण तटाखाली पडलेल्या जखमींना कोणी उचलले, हे सहसा विचारीत नाही. युद्धातला वैद्य इतिहासाच्या कडेलाच राहतो. १९४६ साली शांतारामबापूंनी मात्र त्याला पडद्याच्या मध्यभागी आणले. चीनमध्ये सेवा करता करता १९४२ साली निधन पावलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतःच केली. त्या चित्रपटासमोर हात आपोआप जोडले जातात.

अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांच्या १९७० सालच्या ‘मॅश’मध्ये हात जोडायला जागाच नाही! कोरियाच्या युद्धातील लष्करी डॉक्टरांचे ते टोळके रक्ताने माखलेल्या हातांनी चहाटळपणा करते, वरिष्ठांची टर उडवते, एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालते. प्रथम आम्हाला हे खटकले; परिचारिकांची त्यातली विटंबना तर आजही खटकते. पण एवढ्या थट्टेतही टाके घालणारा हात थांबत नाही, हे ध्यानात आले आणि त्या हसण्याचा अर्थ लागला.

त्याच युद्धात लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली आपली ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स होती. मार्च १९५१ मध्ये तिच्यातील काही जणांनी अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुन्सान येथे विमानातून उड्या घेतल्या. रात्री तंबूत परतल्यावर ही मंडळी कशाकशावर हसत असतील, हे त्यांना कोणीतरी विचारायला हवे होते.