मुलीचा एक रुपया

१९९२ साली, सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र शासनाने दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. हजेरीची अट ७५ टक्के. धाकटी भावंडे सांभाळणारी, लाकूडफाटा आणणारी मुलगी शाळेत गेली की घराची जी खोटी होते, तिची थोडी भरपाई सरकारने करावी, असा त्यामागचा विचार. विचार चांगला होता, हे आधीच म्हटले पाहिजे.

मी पनवेलचा. त्यामुळे हा भत्ता म्हटला की मला कर्नाळ्याच्या आणि प्रबळगडाच्या पायथ्याच्या कातकरीवाड्या आठवतात. दिवाळी सरली की रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर लहान पोरीचेही हात कामाला लागतात. तिला मागे ठेवून शाळेत घालायचे, तर एक रुपया त्या कुटुंबाच्या हिशेबात किती भरणार? १९९२ मध्ये निदान काही तरी भरत असेल. पुढे तेही राहिले नाही, कारण तीस वर्षे उलटली तरी रुपया रुपयाच राहिला.

औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक घेऊन मी हिशेब मांडला. १९८२, २००१ आणि २०१६ या तिन्ही पायाभूत वर्षांच्या मालिका जोडल्या, तर १९९२ ते २०२४ या काळात किमती सुमारे आठपट झाल्या. म्हणजे १९९२ चा रुपया २०२४ मध्ये सुमारे बारा पैशांचा. मूळ किंमत टिकवायची तर दिवसाला सुमारे आठ रुपये द्यावे लागले असते.

हा निर्देशांक सरकारला परका नाही. वर्गात मुलीची हजेरी मांडणाऱ्या गुरुजींचा महागाई भत्ता याच आकड्यावर ठरतो, वर्षातून दोनदा. गुरुजींना तो मिळतो हे योग्यच आहे. पण एकाच हजेरीपटाच्या दोन बाजूंना दोन न्याय आहेत. मुलीची आई रोजगार हमीवर गेली, तर तिची मजुरीही दरवर्षी निर्देशांकानुसार बदलते; २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात ती ३१२ रुपये होती. घरात किमतीशी न बांधलेला पैसा एकच, मुलीचा.

याच शाळेतला भात मात्र टिकला. १९९५ मध्ये केंद्राची पोषण आहार योजना आली, तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो धान्य घरी मिळे; पुढे शिजवलेले जेवण आले आणि प्राथमिकच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम धान्य ठरले. तांदूळ महागला तरी शंभर ग्रॅम शंभर ग्रॅमच राहतात. डाळ-भाजी-तेलाचा खर्च पैशांत असतो, म्हणून तो अधूनमधून वाढवावा लागतो: डिसेंबर २०२४ पासून प्राथमिकसाठी तो ५.४५ वरून ६.१९ रुपये झाला.

पैसा की वस्तू, हा प्रश्न पनवेल-उरणच्या माणसाला नवा नाही. सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा रोख मोबदल्यावर समाधान न मानता दि. बा. पाटलांनी साडेबारा टक्के विकसित जमिनीचा आग्रह धरला. १९८४ च्या जासईच्या आंदोलनात त्यासाठी पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. जमिनीचा भाव शहराबरोबर वाढतो, रोख रक्कम आहे तिथेच राहते, हे इथल्या शेतकऱ्याला अर्थशास्त्र न शिकता कळत होते. पण त्याच्यामागे संघटना होती. चौथीच्या मुलीची संघटना कोण बांधणार?

ब्रिटनमध्ये १९४६ साली दुसऱ्या मुलापासून आठवड्याला पाच शिलिंग कुटुंबभत्ता सुरू झाला. तो आठ शिलिंग व्हायला १९५२ उजाडावे लागले. तिथेही वाढ आपोआप नव्हती, मागावी लागे.

आपल्याकडे २०२३ मध्ये ‘लेक लाडकी’ योजना आली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये. त्यांतले ७५,००० अठराव्या वर्षी. आकडा निर्देशांकाला जोडलेला नाही. महागाई दरसाल पाच टक्के धरली तर २०४१ मध्ये ते पंचाहत्तर हजार २०२३ च्या सुमारे ३१,००० रुपयांइतके असतील, सहा टक्के धरली तर २६,००० च्या आसपास.