लांबचं ऑब्जेक्ट जागं कसं करायचं?

श्रीवर्धनला रेल्वे नाही, जवळचं स्टेशन माणगाव. तरी श्रीवर्धनमधून मोबाइलवर दिल्लीहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट निघतं. फोन अँड्रॉइड, आणि रेल्वेची आरक्षण यंत्रणा वर्षानुवर्षं चालली ओपनव्हीएमएसवर. व्हीएमएस म्हणजे १९७७ साली डीईसी कंपनीने आणलेली ऑपरेटिंग सिस्टिम. मग दोघांचं जमतं कसं?

रेल्वेची पाच आरक्षण केंद्रं होती: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद. सुरुवातीला प्रत्येकाला आपापल्याच गाड्या ठाऊक. १९९९ मध्ये ‘कॉन्सर्ट’ या सॉफ्टवेअरने पाचही जोडली. पण गाडीची नोंदवही पाच ठिकाणी उतरवली नाही. ती एकाच केंद्रात राहिली, बाकीचे तिलाच विचारणार. कारण साधं आहे. दोन वह्या झाल्या तर गणपतीच्या गर्दीत एकच बर्थ दोघांना विकला जाईल! पुढे ३ ऑगस्ट २००२ ला आयआरसीटीसीची वेबसाइट आली. तीही याच वहीला विचारू लागली.

त्याच काळात जगभरचे प्रोग्रामर याच प्रश्नाशी झगडत होते. १९९१ मध्ये ‘कॉर्बा’ हे मानक आलं. त्याची युक्ती अशी: काय विचारता येईल आणि काय उत्तर मिळेल, याचा करार आधी एका तटस्थ भाषेत लिहायचा. मग पलीकडे युनिक्स आहे की विंडोज, याची फिकीर नाही.

पण आणखी एक अडचण होती. हजारो ऑब्जेक्ट सतत चालू ठेवायची तर मेमरी पुरणार कशी? म्हणून ती झोपलेली ठेवायची. हाक आली की मधला एक प्रोग्राम ऑब्जेक्टला उठवतो आणि निरोप पोचवतो. यालाच ॲक्टिव्हेशन म्हणतात. डिसेंबर १९९८ च्या जावा १.२ मध्ये हे काम ‘आरएमआयडी’ करायचा.

रेल्वेची यंत्रणा काही कॉर्बावर बांधलेली नव्हती, पण प्रश्न तोच: वस्तू एका जागी, हाक कुठूनही.

जावाचं ॲक्टिव्हेशन फारसं कुणी वापरेना. वेब सर्व्हिसेस आल्या आणि २०२१ च्या जावा १७ मधून ते काढूनच टाकलं. कल्पना मात्र टिकली. आजच्या क्लाउडमध्ये मागणी आली की फंक्शन जागं होतं, काम संपलं की झोपतं.

तेव्हा सकाळी आठला ॲपवर चाक गरगरत राहिलं तर एवढं ध्यानात ठेवा: हाका लाखो आहेत, पण तुमच्या गाडीची वही एकच आहे. आणि ती एकच आहे म्हणूनच तुमचा बर्थ तुमचा राहतो.