निलंग्याची मिसल

शंभर वर्षांपूर्वी निलंग्याचा एखादा कुणबी बांधाच्या तंट्यात साक्षीला उभा राहिला, तर तो बोलत असे मराठीत आणि दरबारी कागदावर ते उतरे उर्दूत. आपल्या तोंडचे शब्द तिथे कसे लिहिले गेले, हे त्याला वाचता येत नसे. खालचा अंगठा मात्र त्याचाच असे. मराठवाड्याच्या न्यायदप्तराचा विचार आम्हांला या अंगठ्यापासून सुरू करावासा वाटतो.

त्याही आधी, मराठ्यांच्या राज्यव्यवहारात, वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत. निवाड्याचा महजर मोडी लिपीत, मराठीत लिहिला जाई. त्यावर पाटील-कुलकर्ण्यांच्या बरोबरीने कुणब्याच्या नांगरासारख्या निशाण्या उमटत. अक्षर न येणारा माणूसही निदान कानांना कळलेल्या मजकुराखाली आपली खूण करी.

हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. १९२१ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी न्यायखाते महसुली अंमलापासून वेगळे केले. ब्रिटिश मुलखातही ज्याची मागणीच चालू होती, ते इथे घडले, हे मान्य केले पाहिजे. पण सुधारलेल्या न्यायालयाची भाषा पक्षकाराची नव्हती. त्या काळाची खूण आजही बोलण्यात आहे. फिर्याद, मिसल, नक्कल, पेशी, वकालतनामा हे शब्द आपण परके मानत नाही. भाषेने शब्द पचवले. कागद मात्र न वाचलेले राहिले.

हा कागद शोधायचा तर आधी भूगोल उलगडावा लागतो. निलंगा तालुका बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो उदगीर, अहमदपूर यांच्यासह मुंबई राज्यात आला आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यास जोडला गेला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. म्हणजे एकाच गावच्या वादाचा माग काढताना बीदर, धाराशिव व लातूर अशी तीन दप्तरे विचारात घ्यावी लागतात. जुन्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन ढोबळमानाने हाती येतो.

नकलेचा मार्ग मात्र अवघड नाही. दाव्याचा क्रमांक, वर्ष, पक्षकारांची नावे व निकालाची तारीख देऊन नक्कल विभागात अर्ज करावा, शुल्क भरावे, म्हणजे प्रमाणित प्रत मिळू शकते. पक्षकार नसलेल्याला कारण सांगावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले, की न्यायालयीन कागदांच्या प्रतींसाठी माहिती अधिकाराऐवजी न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांचा मार्ग धरावा. अलीकडच्या खटल्यांची स्थिती व निकाल ई-कोर्टच्या संकेतस्थळावर दिसतात. मात्र सगळे कागद कायम ठेवले जात नाहीत. वर्गवारीप्रमाणे मुदत संपली की ते नियमानेच नष्ट होतात.

जे उरले ते वाचणार कोण, हा खरा प्रश्न आहे. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची निकड सर्वांच्या ध्यानात आली. एरवी अडगळीत पडलेल्या कागदावर माणसांचे भवितव्य अवलंबून असते, हे त्या वेळी दिसले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना म्हणूनच आमचे सांगणे आहे, की मिसल ही एक अनुवादित संहिता म्हणून वाचावी. साक्षीदार काय बोलला, लिहिणाऱ्याने काय टिपले, आणि या दोहोंमध्ये काय गळाले, हे पाहावे. निलंग्याच्या ज्या माणसाने कधी एक ओळ लिहिली नाही, त्याचा आवाज कुठे उरला असेल तर तो तिथेच, दुसऱ्याच्या भाषेत. तो ऐकायचा तर आपल्यापैकी काहींनी आता उर्दू आणि मोडी शिकायला बसले पाहिजे.